पोलीस येण्याआधीचा अर्धा तास

मागच्या महिन्यात या पानावर एका बाईंचं पत्र आलं होतं, भाचा रात्री गॅलरीतून आरडाओरडा करत होता आणि खाली अख्खी सोसायटी मोबाईल वर धरून उभी होती. त्याला मी दोन ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले आणि मग जी पत्रं यायला लागली ती अजून येतायत. बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई, तुम्ही उरकलंत. बरोबर आहे, उरकलं. म्हणून या वेळचं सगळं पान त्याच विषयाला, मानसिक आजाराचा पेशंट असा अनावर झाला तर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि पोलिसांनी काय करायचं. नावं काढलीयत, काही ठिकाणी एरिया पण.

ताई, माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनिया, सहा वर्षं गोळ्या चालू. दिवाळीनंतर त्याने गोळ्या बंद केल्या, मला पत्ताच नाही, नंतर गादीखाली सापडल्या. एका रात्री त्याने शेजारच्यांच्या दारावर लाथा घातल्या. त्यांनी पोलिसांना फोन केला, पोलीस आले आणि त्याला चौकीत नेऊन पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. मारलं नाही, पण तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाहीये. परत असं झालं तर पोलिसांना बोलवू का नको?
– एक आई, पुणे

बोलवा. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटत असेल तर लोक काय म्हणतील हा विचार न करता बोलवा. पण पोलीस आले म्हणजे सुटलो असं नसतं, ते येईपर्यंत आणि आल्यावर आपण काय करतो यावर सगळं आहे.

आधी जे झालं त्याबद्दल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू आहे, त्यातलं कलम १०० खास पोलिसांसाठी आहे. मानसिक आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला संरक्षणात घ्यायचं, अटक नाही हं, संरक्षण. का नेतोय ते सांगायचं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. आता चौकीतला बाक म्हणजे लॉकअप नव्हे असं कुणी म्हणेल, म्हणू दे, पण रात्रभर बसवून दवाखान्यात न नेता घरी सोडणं हे त्या कलमाचं अर्धंच काम झालं, आणि तेही चुकीचं अर्धं.

मी पोलिसांची बाजू पण घेणार आहे, शिव्या घातल्यात तरी चालेल. रात्री दोनला बाईकवरून दोन मार्शल येतात, त्यांना कंट्रोलवरून काय सांगितलेलं असतं? भांडण चालू आहे. मग ते भांडण मिटवायलाच येणार ना! तुमच्या शेजाऱ्यांनी फोनवर काय सांगितलं ते एकदा विचारा त्यांना, माझी खात्री आहे, आजाराचा शब्दसुद्धा काढला नसेल. ११२ ला फोन लागला की पहिल्या वाक्यात सांगायचं, इथे पेशंट आहे, मानसिक आजाराची ट्रीटमेंट चालू आहे, गोळ्या बंद झाल्यात, हातात काही नाहीये. हातात काही असेल तर तेही खरं सांगायचं, लपवलंत तर पोलीस दारात आल्यावर दचकतील आणि दचकलेला माणूस आधी हात उचलतो. सायरन बंद ठेवून या म्हणायचं. खाली गेटवर कोण उभं राहणार त्याचं नाव आणि नंबर द्यायचा. सोबत १०८ ला पण फोन करा, त्यांच्या ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. आणि कायद्याप्रमाणे अशा इमर्जन्सीत कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर, म्हणजे तुमचा फॅमिली डॉक्टरसुद्धा, ७२ तासांपर्यंतचे उपचार सुरू करू शकतो, शॉक सोडून. खूप डॉक्टरांनाच हे माहीत नसतं आणि ते हात वर करतात.

बरीच वर्षं झाली, पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली गोष्ट आहे. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा चार रात्री झोपला नव्हता, दाराला आतून कडी, एकेक स्टीलचं भांडं चौकात येऊन आपटत होतं. मी पोचले तेव्हा चौकीचे एक हवालदार आधीच जिन्यात होते, पन्नाशीचे, पोट सुटलेले, धापा टाकत होते. त्यांनी आधी काठी खालच्या वाण्याकडे ठेवायला दिली, मग कमरेच्या वायरलेसचा आवाज पार बंद केला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, त्याला आधीच कानात कोण कोण बोलतंय, त्यात माझं हे खरखर कशाला. त्यांनी जे केलं ते मला माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या ट्रेनिंगला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना पुढे केलं, त्या दाराशी बसून म्हणाल्या, अरे माझी कढई पण तुझ्याकडेच आहे, ती तेवढी टाकू नको, बिडाची आहे, खालच्याचं डोकं फुटेल. दहा मिनिटं काहीच नाही. मग कडी निघाली आणि तो कढई घेऊनच बाहेर आला.

यातनं मी एवढं घेतलं की बोलायचं एकाच माणसाने. बाकीच्यांनी गप्प. आणि तो माणूस त्याच्या ओळखीचा, ज्याच्यावर त्याचा राग नाही असा, बऱ्याचदा आईबाप नसतातच ते, वाईट वाटून घेऊ नका. गर्दी हटवायला मंडळाची पोरं सांगा. हसू नका, गणपतीच्या मिरवणुकीत दोर धरून हजार माणसं मागे सारतात ती, त्यांना जिन्यातली वीस माणसं काय जड आहेत! फक्त आधी सांगून ठेवायचं की व्हिडिओ काढायचा नाही आणि काढू द्यायचा नाही.

आणि एक माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका आईला सांगितलं होतं, लग्नाला जायचंय म्हणा आणि रिक्षात बसवा. मुलगी नवी साडी नेसून, गजरा माळून आली आणि रिक्षा हॉस्पिटलच्या दारात थांबली. तिने मला काही म्हटलं नाही, नुसता गजरा काढून माझ्या टेबलावर ठेवला. नंतर कित्येक वर्षं ती आईबरोबर कुठेच गेली नाही, देवळात पण नाही. दवाखान्यात नेतोय तर दवाखान्यात नेतोय म्हणा, आरडाओरडा होईल तो होऊ दे.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. मुलगा शांत असतानाच दिवसाउजेडी त्याच चौकीत जा, एकट्या नको, शेजाऱ्यांना घेऊन जा, ज्यांनी फोन केला त्यांनाच. बरोबर फाईलची झेरॉक्स, डॉक्टरांचा नंबर, कुठल्या गोळ्या चालू आहेत. ठाणे अंमलदाराला सांगा, असं असं आहे, परत फोन आला तर हे असं समजा. मुलाला सांगून जा मात्र, त्याच्या आजाराचे कागद आहेत ते. आणि पोलिसांना फोन करण्याइतकी वेळ आली नसेल पण काय करावं सुचत नसेल तर टेली मानस आहे, १४४१६, सरकारी आहे, २४ तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते दारात येणार नाहीत पण तुमचे हातपाय गळाले असतील तेव्हा एक माणूस लाईनवर असणं पण पुष्कळ असतं.

आमच्या सोसायटीत साधारण ६२ वर्षांच्या मॅडम एकट्या राहतात. तीन महिन्यांपासून म्हणतात की वरच्या फ्लॅटमधून कुणीतरी गॅस सोडतंय. रात्री एक वाजता बेल वाजवतात. ग्रुपवर त्यांचे व्हिडिओ फिरतायत, काही मेंबर म्हणतात पाणी तोडा म्हणजे आपोआप जातील. पोलिसांना दोनदा बोलवलं, ते समजावून गेले. सेक्रेटरी म्हणून मी काय करू?
– वाकड

पाणी तोडा म्हणणारे मेंबर कोण आहेत हो, त्यांना माझा नमस्कार सांगा. आजार आहे म्हणून कुणाला स्वतःच्या फ्लॅटमधून हुसकता येत नाही आणि पाणी तोडलंत तर उद्या पोलीस तुमच्याकडे येतील, मॅडमकडे नाही. व्हिडिओ आजच्या आज डिलीट करायला लावा, सेक्रेटरी आहात, दर महिन्याला मेंटेनन्सचे मेसेज टाकता तसा एक हा टाका.

मग त्यांचं अजून कुणाशी पटतं ते शोधा. असतं कुणीतरी. कामवाल्या मावशी, दूधवाला, खालच्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी. एक माणूस सापडला की अर्धं काम झालं. त्या माणसाने गॅसवर वाद घालायचा नाही, गॅस नाहीचे असं पण नाही आणि हो हो येतोय वास असं तर मुळीच नाही. मॅडम तुम्हाला तीन महिने धड झोप नाहीये, जेवण जात नाहीये, एकदा डॉक्टरांकडे दाखवू, एवढंच. झोपेवरून लोक डॉक्टरकडे येतात, वेडेपणावरून कुणीच येत नाही.

डॉक्टर आधी फिजिशियन बघा. या वयात असं नव्यानेच सुरू झालं तर युरिन इन्फेक्शन निघतं, सोडियम कमी झालेलं निघतं, कधी विसरण्याच्या आजाराची सुरुवात असते. मी अशी एक आजी बघितलीय जिच्यावर घरच्यांनी दोन बाबा आणि एक देवऋषी करून झाले होते आणि शेवटी सोडियमवर गोष्ट संपली. (देवऋषी म्हटलं म्हणून सांगते, भूत उतरवायचं म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पुण्यातच ज्यांचा खून झाला त्या दाभोलकरांनी त्यासाठी किती वर्षं चपला झिजवल्या ते आपल्याला तरी सांगायला नको.)

पोलीस दोनदा समजावून गेले, त्यांच्या हातात तेवढंच होतं कारण तुम्ही त्यांना तक्रार दिलीत, मदत मागितली नाही. तिसऱ्यांदा बेल वाजायची वाट बघू नका. पोलिसांचा भरोसा सेल आहे, महिला आणि ज्येष्ठ नागरिक दोघांसाठी, तिकडे विचारा, आणि रात्री बोलवायची वेळ आलीच तर महिला पोलीस पाहिजेत असं स्पष्ट सांगा. नातेवाईक शोधा. भाऊ-भाचे असून कुणी ढुंकून बघत नसेल आणि हाल होतायत असं दिसलं तर तेही ठाण्यात लेखी देता येतं. कलम १०१ आहे, त्यात पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. पण ते शेवटी. आधी दूधवाला.

आमच्या दुकानासमोर पुलाखाली एक माणूस महिनाभर बसलाय, अंगावर नीट कपडे नाहीत, स्वतःशी बोलतो, आम्ही वडापाव-चहा देतो. चौकीत सांगितलं तर म्हणाले त्रास देत नाही ना, मग आमचं काय काम?
– हडपसर

त्यांचंच काम आहे. तेच कलम १००. त्रास देत नसला तरी स्वतःची काळजी घेऊ शकत नाही आणि असा फिरतोय, एवढं पुरेसं आहे. दवाखान्यात न्यायचं, आणि बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरचे शोधायचे ही जबाबदारी कायद्याने ठाण्यावर टाकलीय. ॲडमिट करायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले तरी परत पुलाखाली आणून सोडायचं नसतं, सरकारी निवाऱ्यात न्यायचं. तुम्ही साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन दुकानदारांच्या सह्या घ्या, पोच मागा. पोच मागितली की काम हलतं, हे काय तुम्हा दुकानदारांना मी सांगायचं! आणि गाडी येईल तेव्हा चहा देणारा पोऱ्या सोबत पाठवा, तो त्यालाच ओळखतो.

मिस्टरांच्या चुलतभावाने जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला. हॉस्पिटलमध्ये पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. घरात सगळे घाबरलेत, केस होणार का? आता त्याच्याशी त्या विषयावर बोलायचंच नाही असं ठरवलंय.
– सिंहगड रोड

घाबरू नका. हॉस्पिटल अशा वेळी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतं म्हणून पोलीस येतात, जबाब म्हणजे गुन्हा नव्हे. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा म्हणणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गेलंच. सरकारी माणसाला त्याचं काम करण्यापासून अडवायला किंवा काही करायला भाग पाडायला केलेला प्रयत्न तेवढा नव्या संहितेच्या कलम २२६ खाली येतो, तुमचं तसं नाही.

पण न बोलायचं ठरवलंत ते मोडा. विचारल्याने डोक्यात नवीन काही येत नाही, आहे ते बाहेर येतं. परत तसं मनात येतं का, असं सरळ विचारा, आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. घरी येण्याआधी घातक वस्तू आणि औषधांचा डबा हलवा. तुमचं स्वतःचं पण मन हलकं करायचं असेल तर पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था २००५ पासून आहे, त्यांचे व्हॉलंटियर सल्ला देत बसत नाहीत, ऐकून घेतात.

मुलगी डेन्व्हरला असते. ती म्हणते तिकडे अशा कॉलला पोलिसांच्या ऐवजी व्हॅन जाते. आपल्याकडे कधी?
– सहकारनगर

बरोबर सांगते ती. डेन्व्हरला जून २०२० पासून स्टार नावाने ते चालू झालं, व्हॅनमध्ये एक मानसिक आरोग्याचा माणूस आणि एक पॅरामेडिक, शस्त्र नाही, गणवेश नाही. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल घेतले आणि एकालाही अटक झाली नाही. त्याच्या आधी मेम्फिस शहराने १९८८ मध्ये वेगळा रस्ता धरला होता, पोलिसांनाच ४० तासांचं ट्रेनिंग, तेही एका आजारी माणसाला पोलिसांची गोळी लागून तो गेला तेव्हा. आणि सगळ्यात जुनी व्हॅन ऑरेगनमधल्या युजीन गावात १९८९ पासून फिरत होती, ती तिथे २०२५ मध्ये बंद पडली. म्हणजे अमेरिकेत आहे म्हणून टिकतंच असं नाही.

त्यांची अडचण बंदूक आहे, आपली अडचण गर्दी आणि उशीर. व्हॅन आली तर मला आवडेल, पण लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सातला ती कुठून काढणार ते आधी सांगा. आपल्याकडे जे बांधता येईल ते गल्लीत आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टने सेहेर नावाने वस्त्यांमध्ये हेच केलंय, वस्तीतल्याच बायका घरोघरी जाऊन बोलतात, काय बिघडतंय ते त्यांना दाराला कडी लागायच्या आधी कळतं. गणपतीच्या आधी प्रत्येक ठाण्यात शांतता कमिटीची मीटिंग होते, त्यात डीजे आणि मांडव सोडून कुणी बोलत नाही. यंदा एकाने तरी उठून विचारावं की आपल्या हद्दीत असे पेशंट असले तर रात्री फोन कुणाला करायचा. मी माझ्या भागात विचारणार आहे, लोक वळून बघतील, बघू देत.

ताई, मी ३४ वर्षांची, बायपोलर आहे. गेल्या वर्षी मला घरून नेलं तेव्हा सहा जण एकदम बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं येरवड्याला टाका हिला. आता मी बरी आहे, नोकरी करते. पुढच्या वेळी कसं वागायचं हे मी आधीच लिहून ठेवू शकते का?
– एक वाचक

हो. आणि हे पत्र मी शेवटी ठेवलं कारण वरच्या सगळ्यांनी ते वाचावं.

पुण्यात येरवडा म्हटलं की जेल आणि मेंटल हॉस्पिटल दोन्ही, आणि चिडवताना आपण दोन्हीचं एकच करून टाकतो, त्याबद्दल मी तुझी माफी मागते, कुणाच्या वतीने ते माहीत नाही.

कायद्यात दोन गोष्टी आहेत. एक, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तुझ्या वतीने बोलणारा तुझा माणूस. साध्या कागदावर लिहून सही केलीस तरी चालते, आणि तो नवरा किंवा वडीलच पाहिजेत असं नाही, मैत्रीण चालते. दुसरं, आगाऊ सूचना, कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, तिचा फॉर्म आहे आणि ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायची असते. इमर्जन्सीतल्या पहिल्या उपचारांना ती लागू होत नाही हे लक्षात ठेव.

पण मला विचारशील तर तिसरा कागद पण कर, कायद्यात नसलेला. एका पानावर. मला घरच्या नावाने हाक मारा. दंडाला धरू नका. एकानेच बोला, बाकीचे स्वयंपाकघरात जा. ट्यूबलाईट बंद करा. चप्पल घालू द्या, मागच्या वेळी अनवाणी नेलं होतं, असं काही असेल तर ते पण. खाली डॉक्टरांचा आणि मैत्रिणीचा नंबर. त्याच्या तीन कॉपी काढ, एक फ्रिजवर, एक मैत्रिणीकडे आणि एक शेजारच्या त्या बाईंकडे ज्यांच्याकडे तुमची जादा किल्ली असते.